काड्या आणि निधनवार्ता

हॉस्पिटलात तोंडाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांनी सांगितलं म्हणून हे लिहिते आहे. त्या म्हणाल्या, "आजी, बायका आमचं ऐकत नाहीत, तुमचं कदाचित ऐकतील." माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही गावच्या शाळेत. चुका असतील तर सोडून द्या. पण तुमच्या तोंडाचं ऑपरेशन झालं असेल किंवा व्हायचं असेल, तर शेवटपर्यंत वाचा. मी तुम्हाला धीर देणार नाही. धीर देणारे तुमच्या घरी पुष्कळ येतील.

कळलं तो दिवस

मी लालबागला चाळीत राहते. नवरा गिरणीत होता आणि मी घरात खानावळ चालवायचे. गावाकडून आलेले एकटे कामगार आमच्या खोलीत पाळीपाळीने जेवून जायचे. गिरण्या बंद पडल्या, जेवणारे गेले, मग नवराही गेला. मूल नाही. कणकवलीला एक पुतण्या आहे, तो गणपतीत फोन करतो.

लग्न होऊन मुंबईत आल्यापासून मी मिशेरी लावत होते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि सकाळी दातांना लावून मोरीत बसायचं. आमच्या मजल्यावरच्या सगळ्या बायका लावायच्या. हे व्यसन आहे असं कुणी म्हटलं असतं तर आम्ही हसलो असतो. व्यसन पुरुषांना असतं, अशी आमची समजूत.

गालाला आतून आधी पांढरा चट्टा आला, मग जखम झाली. तिखट सोसेना. तिखट कमी केलं. असं करता करता बरेच महिने काढले. शेवटी शेजारची शालिनी ओढून हॉस्पिटलात घेऊन गेली. तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट घ्यायला मात्र मी एकटीच गेले.

डॉक्टरांनी विचारलं, "बरोबर कोण आहे?"

"मीच आहे."

"नाही, म्हणजे घरचं कोणी?"

"घरचंही मीच आहे. कॅन्सर आहे ना? तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय."

तरी ते थोडा वेळ दाराकडे बघत राहिले, कोणीतरी आत येईल म्हणून. मग सरळ बोलले. गाल कापावा लागेल, थोडा जबडाही जाईल, छातीचं मांस घेऊन तिथे शिवतील, नंतर लाईट द्यावी लागेल. लाईट म्हणजे किरणांचा उपचार, आमच्याकडे सगळे लाईटच म्हणतात. मी विचारलं, "जेवता येईल?" ते म्हणाले, "आधी जगायचं बघू." मला ते उत्तर आवडलं नाही.

घरी आले आणि डबा उघडून मिशेरी लावली. हे लिहायला लाज वाटत नाही, कारण तुमच्यातल्याही बऱ्याच जणींनी हेच केलं असणार. नंतर डबा तसाच कचऱ्यात टाकला.

वॉर्डमध्ये

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. जाग आली तेव्हा तोंड माझं नव्हतं आणि नाकात नळी होती. त्या नळीतून दूध, डाळीचं पाणी, बिनमिठाचं काय काय पोटात जायचं. चव नाही, वास नाही. मरणाची भीती मला फारशी वाटली नाही. भीती वाटली ती त्या नळीची. आयुष्यभर मी माणसांना जेवू घातलं, कोणाला कढीत मीठ किती लागतं ते माझ्या लक्षात असायचं, आणि मला शेवटपर्यंत असं पिचकारीनं भरणार असतील तर मला जगायचं नव्हतं. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगता येतही नव्हतं.

वॉर्डात एक मावशी होती, लादी पुसायची. ती रोज काम संपलं की माझे केस विंचरून वेणी घालायची. बोलायची नाही. तेवढ्यासाठी मी तिची वाट बघायचे.

घरी सोडताना नळी काढली. व्यायामाच्या बाईंनी चपट्या लाकडी काड्या हातात दिल्या, आइस्क्रीमच्या असतात तशा. त्या एकावर एक रचून दातांच्या मध्ये घालायच्या, तशाच धरून बसायचं, आणि थोड्या थोड्या दिवसांनी एक वाढवायची. "नाही केलंत तर तोंड मिटत जाईल," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. मग लाईट सुरू झाली, तोंड आतून सोललं गेलं, आणि काड्या मी फडताळात टाकून दिल्या.

पेज

चाळीनं माझं फार केलं. शालिनीनं बायकांमध्ये पाळ्या लावल्या. कोणी पेज आणायचं, कोणी रव्याची पातळ खीर, कोणी गाळलेलं सार. चमचासुद्धा नको म्हणून शालिनीनं फीडिंग कपासारखं चोचीचं भांडं आणलं. ओठ थोडेसे विलग केले की झालं.

"काकी, तोंड हलव नको गो," ती म्हणायची. "टाके सुटतले. तू बोलाव नको आणि उठाव नको, आमी आसव ना."

आजारी माणसाला पेज द्यायची आणि निजवून ठेवायचं, एवढंच आम्हाला माहीत. आमच्या आयांनी हेच केलं, आम्हीही केलं. आणि खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटत होतं. बोलले की लाळ गळायची, शब्द घोगरे आणि अर्धे यायचे. न बोललं की कोणाला ते दिसत नव्हतं. मी खुणा करायचे, बायका समजून घ्यायच्या. सगळं गोड चाललं होतं आणि माझं तोंड मिटत चाललं होतं.

पोरगी

चाळीच्या मागे बंद गिरणीची भिंत आहे. तिला टेकून ताडपत्र्या बांधून काही कुटुंबं राहतात. त्यातली लक्ष्मी टॉवरमध्ये धुणीभांडी करते. परभणीकडची. तिची मुलगी काजल, दहा वर्षांची असेल. पोरं माझा शिवलेला गाल बघायला दारात यायची आणि पळून जायची. ही एकदा आली आणि उभीच राहिली.

"आज्जे, तोंड उघड बरं."

मी हातानं जा म्हणाले. ती गेली नाही.

"उघड ना. बघू दे."

ती जावी म्हणून मी उघडलं. तिनं खाली वाकून बघितलं.

"एवढंच? माझ्या बापाचं बी असंच होतं. गुटख्यानं. आधी भाकर जाईना, मग भात जाईना, मग निस्तं पाणी पीत होता."

"मग?" मी विचारलं. ऑपरेशननंतर हॉस्पिटलातल्या डॉक्टरांशिवाय कोणाशी बोललेला तो पहिला शब्द असेल.

"मग मेला," ती म्हणाली. तिथे झाकून ठेवलेली खीर दिसली तिला. "ही तू खाणार हायेस का?"

मी नाही म्हटलं. तिनं बसून सगळी खाल्ली, भांडं मोरीत धुतलं आणि गेली. माझे अर्धे शब्द तिला बिनचूक समजत होते. बापाचं ऐकून ऐकून सवय झालेली.

त्याच आठवड्यात हॉस्पिटलात तपासणी होती. डॉक्टरांनी तोंडात बोट घातलं. एक बोट कसंबसं गेलं, दुसरं जाईना. त्यांनी हातातली बॅटरी बंद केली. "आजी, मला आत बघताच येत नाही. परत काही उगवलं तरी कळणार नाही. असंच राहिलं तर पुन्हा नळी घालावी लागेल, आणि या वेळी ती कदाचित निघायची नाही."

तोंड उघडलं नाही तर जेवण गेलं. आता हे मला कोणी वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. मला पोरीनं आधीच सांगितलं होतं.

सौदा

काड्या फडताळातून काढल्या. घालून बघितल्या. कानापासून हनुवटीपर्यंत कोणीतरी सुरी ओढावी तसं झालं. काढल्या. दुसऱ्या दिवशी कमी घातल्या. कोण बघतंय?

काजल बघत होती. ती आता रोज सकाळी येऊन बसायची. शाळेच्या वेळेला, शाळेच्या कपड्यांत. मी विचारलं, शाळा नाही का? सुट्टी हाय, म्हणाली. रोज सुट्टी.

माझे डोळे तेव्हा फार पाणावायचे, म्हणून तिला पेपर दिला आणि म्हटलं, वाच. तिनं पेपर नीट धरला, घसा खाकरला आणि वाचलं, "उद्या लालबागमधी पाणी येणार नाय. लोकांनी आजच भरून ठेवावं."

मी पेपर ओढून बघितलं. तिथे सोन्याच्या दुकानाची जाहिरात होती.

"तुला वाचता येत नाही."

"येतं."

"कितवीत आहेस?"

"पाचवीत."

"पाचवीत आहेस आणि वाचता येत नाही. वर्गात बाई एकेकाला उभं करून वाचायला लावतात, म्हणून तू जात नाहीस."

तिनं काड्यांकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "तू बी तर काड्या चोरतीस. परवा जास्त होत्या, आज कमी हायेत. तू तोंड उघडत नाहीस, मग मी कामून वाचू?"

एवढ्याशा पोरीनं मला चोर म्हटलं आणि मला तिचा राग आला नाही. मी म्हटलं, ठीक आहे. मी काड्या धरून बसते तोवर तू वाचायचं. तू थांबलीस की मी काढणार. मी काढल्या की तू थांबायचं.

वाचायला काय द्यायचं हा प्रश्न होता. तिच्या पुस्तकातली वाक्यं लांब. गोष्टी द्याव्या तर ती चित्रं बघून बनवायची. मग मी तिला निधनवार्तांचं पान दिलं. लहान लहान मजकूर, वर फोटो, आणि सगळीकडे तेच तेच शब्द. दुःखद निधन. अल्पशा आजाराने. त्यांच्या पश्चात. अंत्ययात्रा राहत्या घरून. चार दिवसांत तिला ते पाठ झाले, आणि पाठ झालेले शब्द दुसऱ्या कागदावर ओळखता यायला लागले. नावं मात्र बनवता येत नाहीत, ती वाचावीच लागतात. सावंत, परब, गावडे, शिर्सेकर. शिर्सेकरावर ती फार अडली. तेवढा वेळ माझा जबडा पेटलेला.

"लवकर," मी काड्यांतून म्हणायचे.

"थांब की. जोडाक्षर हाय."

एकदा वाचता वाचता तिनं मान वर केली. "आज्जे, तुझ्या पश्चात कोन?"

मी काड्या काढल्या. "कोणी नाही. म्हणून तर मरत नाही."

तिनं विचार केला. "मग फोटो तरी काढून ठिव. ह्यो गाल नको दिसू दे, दुसऱ्या बाजूनं काढ."

रक्त

एक काडी वाढवायचा दिवस होता. ओठाचा कोपरा फाटला आणि रक्त आलं, थोडंसंच, पण लाळेबरोबर हनुवटीवरून पदरावर गळलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काजल समोर बसून ओरडत होती, "काढायची नाय. रडतीस कशाला? अजून परबाचं राहिलंय."

शालिनी पेज घेऊन आली ती त्याच वेळी.

तिनं बघितलं ते असं की म्हातारी रक्ताळलेली रडते आहे आणि रस्त्यावरची पोरगी तिच्यावर खेकसते आहे. तिनं भांडं खाली ठेवलं आणि काजलचा दंड धरून तिला बाहेर काढलं. "परत वर चढशीत तर बघ," म्हणाली. मी काहीच बोलू शकले नाही. तोंडात काड्या होत्या. त्या सोडवून बाहेर गॅलरीत येईपर्यंत पोरगी जिना उतरून गेली होती. शालिनीनं माझं तोंड पुसलं, मला निजवलं आणि पेज पाजली. रडतही होती बिचारी.

नंतर काजल आली नाही. मला वाटलं होतं, आता मला सवय झाली आहे, मी एकटीनं करीन. केलं नाही. पहिल्या दिवशी रक्त आलं म्हणून सोडलं. मग अंग दुखतं म्हणून. मग कशामुळे ते आठवत नाही. पुन्हा घालायला गेले तेव्हा जेवढ्या जात होत्या तेवढ्या जाईनात. त्या दिवशी मी घाबरले. खरी घाबरले.

गॅलरीत

दुपारी जेवणं आटपली की आमच्या मजल्यावरच्या बायका गॅलरीत बसतात. तांदूळ निवडतात, सुकट साफ करतात. मी बाहेर आले आणि कठड्याला धरून उभी राहिले. शालिनी म्हणाली, "काकी, उठलंस कित्याक?"

ऑपरेशननंतर मी इतक्या जणींसमोर एकदाही बोलले नव्हते. बोलायला लागले आणि लाळ गळली. दोघी-तिघींनी मान खाली घातली. मी पुसली नाही. एकदा पुसायला लागले असते तर बोलणं राहून गेलं असतं.

"शालिनी, तुझी पेज चांगली असते. पण ती पिऊन पिऊन माझं तोंड शिवलं गेलं. डॉक्टर म्हणतात, नळी घालतील. मला नळी नको. मला जेवायचंय. त्या पोरीला बोलव."

हे सगळं तिला दोनदा सांगावं लागलं, तेव्हा समजलं. मग ती म्हणाली, "म्हणजे मी वायट केलंय?"

"नाही. तू चांगलं केलंस. आता थोडं वाईट कर."

"ती तुझ्यावर खेकसता, काकी. तुका रडवता."

"तिचा बाप असाच गेला. तोंड मिटून. तुझा गेला असता तर तूही खेकसली असतीस."

सुकट निवडणारी एक निवडतच राहिली. शालिनी उठली, आत गेली. मला वाटलं, रुसली. ती चपला घालून आली आणि माझ्या कोपराला धरून म्हणाली, "चल. एकटी जिन्यावरून पडशीत."

भिंतीपाशी लक्ष्मी नुकतीच कामावरून आली होती. मला बघून तिनं पदर सारखा केला. "नको आजी, पोरगी नाय येणार. लोक बोलतेत. उद्या कोन काय हरवलं म्हनलं तर माझी कामं जातील."

मला जे उत्तर द्यायचं होतं ते माझ्या तोंडातून वेळेवर निघेना. शालिनीनंच दिलं. "मी बोललंय, मीच सांगतंय. पाठव तिला. कोण काय बोललां तर मी बघीन." माफी तिनं मागितली नाही. तिच्या स्वभावात ती नाही, माझ्याही नाही.

काजल ताडपत्रीच्या आत पिंपामागे बसून ऐकत होती. "आज्जे, काड्या घातल्यास का?"

"नाही."

"मला माहीत होतं," ती म्हणाली आणि बाहेर आली.

पुढचं

पुढचं सगळं कंटाळवाणं आहे, आणि तेच महत्त्वाचं आहे. रोज काड्या, रोज पान. शालिनी पेज पातळ करायची ती आता मऊ भात आणते, आणि माझ्या तोंडात काड्या असल्या की तोंड फिरवून बसते, पण बसते. काजलला मी सांगितलं की सकाळची वेळ बंद, शाळा सुटल्यावर यायचं. ती चिडली. मग एका दुपारी येऊन दप्तर आपटलं.

"आज माझी पाळी आली वर्गात."

"मग?"

"वाचलं. एक राजा होता असा धडा होता. मी वाचलं, राजाचं दुःखद निधन झालं. सगळी हसली."

"बाई काय म्हणाल्या?"

"त्या बी हसल्या. मग म्हनल्या, पुढं वाच. पुढचं बरोबर वाचलं."

मी हसले. टाक्यांच्या बाजूनं हसू येत नाही, दुसऱ्या बाजूनं हसले.

मागच्या तपासणीला डॉक्टरांची दोन बोटं आत गेली. तिसरं गेलं नाही. ते म्हणाले, तिसरं कदाचित कधीच जाणार नाही, पण आता आत सगळं दिसतंय आणि आत स्वच्छ आहे. दोन बोटांत वडापाव बसत नाही, मोदक अख्खा जात नाही. भात, मऊ भाकरी, काटा काढलेला मासा जातो. मला तेवढं पुरतं. व्यायाम बंद केला तर हेही जाईल, म्हणून काड्या मरेपर्यंत चालू राहणार.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. घरातलं जे माणूस तुमच्या दुखण्यानं रडतं त्याच्यासमोर हा व्यायाम करू नका. ते तुम्हाला थांबवेल आणि तुम्ही थांबाल. जे रडत नाही असं एखादं माणूस शोधा. ते घरचं असेलच असं नाही, मोठं असेल असंही नाही. आणि त्याचंही काहीतरी अडलेलं असेल, ते बघा. नुसतं घेत बसू नका.

गेल्या सोमवारी मी तांदळाची भाकरी केली, बऱ्याच काळानंतर. काजल शाळेला जायच्या आधी डोकावली होती, तिलाही बसवलं. सोबत सुकटीची चटणी, माझ्यापुरती बिनतिखटाची. मी तुकडा मोडला, तोंडात घातला आणि उरलेल्या दातांकडे सरकवला. चावायला लागले. काजलनं आपली भाकरी संपवली, दुसरी मागून घेतली, तीही संपवली. ताट धुतलं, हात फ्रॉकला पुसले.

"अजून तोच घास?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

"मी चालले. उशीर झाला तर बाई बाहेर उभं करतेत."

ती दप्तर घेऊन जिना उतरून गेली. मी चावत राहिले.